शर्यतीला मुभा मिळाली, मैदानाचे काय?

ठाणे, प्रतिनिधी – बैलगाडा शर्यतींचा न्यायालयीन तिढा सुटला असला, तरी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात या खेळाचे भवितव्य आता जमिनीच्या उपलब्धतेवर अवलंबून आहे. २०१४ च्या निकालानंतर बंद पडलेल्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदाही वैध ठरविला.

मात्र दरम्यान कल्याण-शीळ मार्गालगतच्या भातशेतीवर गृहसंकुले उभी राहिली. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली. बैल केवळ शर्यतीपुरता उरला आणि त्याला पोसणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले. साहजिकच शर्यत हा धनिकांच्या प्रतिष्ठेचा विषय होऊ लागला. ही प्रतिष्ठा कोणत्या थराला जाते, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथमध्ये शर्यतीच्या वादातून झालेल्या गोळीबाराने दाखवून दिले.

खेळ टिकवायचा तर विकास आराखड्यात कायमस्वरूपी धावपट्टीसाठी जागा राखणे, प्रेक्षकांसाठी भक्कम कुंपण, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आणि चाबूक उगारणाऱ्यास तत्काळ बाद करण्याची शिस्त अपरिहार्य आहे. अन्यथा न्यायालयात जिंकलेली शर्यत गावातच हरेल.