घोड्याचं अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आजी सांगते. पण दोस्तांनो, ज्याचं अंथरूण दुसरंच कुणी घालतं त्यानं काय करावं? तबेल्यातल्या घोड्याचं नेमकं असंच असतं.

'घोडा उभ्यानंच झोपतो' हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण अर्धंच. मागच्या पायातली गुडघ्याची वाटी अशी अडकते, की फारसे श्रम न होता घोडा उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो. मात्र गाढ, स्वप्नांची झोप लागायला त्याला अंग टाकावंच लागतं. रोज थोडाच वेळ, पण लागतंच.

आता उठण्याची गंमत बघा. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते. घोडा उलट! तो आधी पुढचे पाय पुढे रोवतो आणि मग मागच्या पायांनी जोरात रेटा देतो. तीन-चारशे किलोंचं धूड ते! त्या रेट्यात मागच्या पायाचा मधला, टोकदार सांधा जमिनीवर घासतो. या सांध्याला इंग्रजीत हॉक म्हणतात. पुष्कळांना तो उलटा वळलेला गुडघा वाटतो. पण ती आहे घोड्याची टाच! घोडा मुळी एकाच बोटाच्या नखावर उभा असतो, म्हणून त्याची टाच एवढी वर गेलेली. तिथं मांस जवळजवळ नाहीच, नुसतं हाड आणि कातडी. खाली उघडी फरशी असली की आधी केस झडतात, मग कातडी सोलवटते आणि शेवटी जखम होते. मुतानं ओलं झालेलं अंथरूण तर आणखी वाईट, कारण भिजलेली कातडी लवकर सोलते.

म्हणून अंथरूण चांगलं वीतभर जाड हवं. भाताचा पेंढा, गव्हाचं काड किंवा सुतार रंधा मारतो तेव्हा निघणारी सालपटं, काहीही चालेल. अगदी बारीक भुसा मात्र नको. त्याची धूळ उडून घोडा खोकतो. भिंतीकडेला थर जास्त चढवायचा. रोज लीद आणि ओला भाग काढून कोरडा पेंढा पसरायचा. रबराची चटई घातली म्हणजे काम झालं, असं काहीजण समजतात. पण नुसत्या रबरावरही टाच घासतेच, वर पेंढा हवाच. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की मालकाचा हात पहिला पेंढ्याकडे जातो, हे मला काही पटत नाही.

अंथरूण पुरेसं आहे का, हे कसं ओळखायचं? सोपं आहे. तबेला रिकामा असताना त्यावर धपकन गुडघे टेका. फरशी लागली? मग घोड्यालाही लागते. तसेच खाली वाकून वास घ्या. नाकात झोंबला तर रात्रभर तिथं नाक ठेवणाऱ्याचं काय होत असेल!

टोचतं म्हणून काही घोडे आडवे व्हायचंच टाळतात. मग झोप साचत जाते. उभ्या उभ्याच डोळा लागतो, पुढचे पाय लटपटतात आणि खुरावरचा सांधा जमिनीवर आपटून तिथंही खरचटतं.

जखम लहान दिसली तरी तिला हसू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात आणि घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. त्याला लस टोचलेली हवी. जखम स्वच्छ मिठाच्या पाण्यानं धुवायची, माशा बसू द्यायच्या नाहीत आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायची.

माथेरानला मोटारी नेता येत नाहीत, म्हणून सुट्टीत तिथं घोड्यावर बसायचा हट्ट तुमच्यापैकी पुष्कळजण धरतात. या खेपेला बसण्याआधी घोड्याकडे नीट बघा. टाचेवर केस आहेत का? पाठीवर, खोगिराच्या जागी पांढरे ठिपके आहेत का? खोगीर दाबून जुनी जखम झाली असेल, तर बरेचदा तिथं पुढे पांढरे केस उगवतात. ताजी जखम दिसली, तर बाबांना सांगून दुसरा घोडा घ्या. घोडेवाल्या काकांना विचारा, 'काका, रात्री याच्याखाली काय पसरता?' ज्यांचा घोडा लाडका असतो, ते हौसेनं सांगतात.

आणि हो, बघायचं ते बाजूनं, चार हात लांबून. थेट मागे उभं राहिलात, तर लाथ ठरलेली!