तातडीच्या उपचारांचें शिक्षण कोठें घ्यावें?

आमच्या शेतकरी बांधवांचीं मुलें व मुली आतां डॉक्टर होऊं लागलीं आहेत, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. पदवी पदरांत पडल्यावर नीट-पीजी ही परीक्षा देऊन पुढील शिक्षणाची जागा निवडावी लागते. गुणानुक्रम हातीं आला म्हणजे घरांत खल सुरू होतो, आणि बहुतेक ठिकाणीं वडिलांचें मत एकच पडतें: शहरांत मिळत असेल तर घे, खेड्यांतील रुग्णालयांत तीन वर्षें कशास घालवितेस? हा सल्ला मायेपोटीं दिला जातो हें खरें. परंतु तातडीच्या उपचारांच्या शास्त्रापुरता तो आम्हांस रास्त वाटत नाहीं. कां, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें शास्त्र कोणतें तें पाहूं. अपघात, विषबाधा, सर्पदंश, हृदयविकाराचा झटका अशा अवस्थेंत रुग्ण दाराशीं आला असतां पहिल्या घटकेंत काय करावें, याचें हें शिक्षण. रोगाचें नांव निश्चित होण्यापूर्वींच जीव धरून ठेवावयाचा, ही त्यांतील मुख्य विद्या. लोक यास इमर्जन्सी मेडिसिन म्हणतात. भारतीय वैद्यक परिषदेनें २००९ सालीं यास स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली. एम. डी.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्या काळांत विद्यार्थी निवासी डॉक्टर म्हणून रात्रंदिवस रुग्णालयांत राबतो. जे रुग्ण त्याच्यापुढें येतात, तेच त्याचे खरे गुरु. म्हणून जागेची निवड ही नुसत्या सोयीची बाब नव्हे, विद्येची बाब आहे.

आमची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत झाली. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल वारसांस शासनाकडून २ लक्ष रुपये मिळतात. अशीं प्रकरणें आमच्या हाताखालून गेलीं. सर्पदंश, विद्युत् पंपाचा धक्का, मळणी यंत्रांत सांपडलेला हात, बांधावरून उलटलेला ट्रॅक्टर, अशीं कारणें निरनिराळीं. परंतु कागदांत एक वाक्य वारंवार येई: 'पुढील उपचारासाठीं नेत असतां वाटेंत मयत.' अशा कित्येकांचें दुखणें असाध्य नव्हतें. जवळच्या दवाखान्यांत तें सांवरणारा कोणी नव्हता, आणि जेथें होता तें ठिकाण दूर होतें. २०१४ पासून आपल्या राज्यांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, तिचे उपकार मोठे आहेत. परंतु गाडी रुग्णास दारापर्यंत पोंचविते, दाराच्या आंत जाणता माणूस बसलेला असावा लागतो.

सर्पदंशाचेंच उदाहरण घेऊं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणें २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशांत सुमारें १२ लक्ष माणसें सर्पदंशानें दगावलीं. दरसालचें मान सुमारें ५८,००० पडतें, आणि यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांतील आहेत. केंद्र सरकारनें मार्च २०२४ मध्यें कृतियोजना जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचें ठरविलें आहे.

आतां उपचार पाहा. घोणस किंवा फुरसें चावलें असतां रक्त गोठेनासें होतें. तें ओळखण्यास मोठी प्रयोगशाळा नको. स्वच्छ व कोरड्या कांचेच्या नळींत थोडें रक्त घेऊन वीस मिनिटें न हलवितां ठेवतात. मग नळी कलती करून पाहतां रक्त पातळच असेल, तर विष भिनलें असें समजून प्रतिविष सुरू करतात. मण्यारीची गोष्ट निराळी. ती रात्रीं जमिनीवर निजलेल्यास चावते, दंश पुष्कळदां कळतही नाहीं. पुढें पोट दुखूं लागतें, पापण्या जड होतात, आणि शेवटीं श्वास बंद पडूं पाहतो. तेथें प्रतिविषाच्या जोडीस व्हेंटिलेटर लागतो, कधीं कधीं कित्येक दिवस. फवारणीच्या विषबाधेचेंही तसेंच. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेकडों शेतकरी व मजूर बाधले गेले व कित्येक प्राणांस मुकले, हें वाचकांस स्मरत असेलच. ज्या विषांवर अट्रोपिन चालतें, त्यांत तें किती द्यावें हें रुग्णाच्या उशाशीं बसून, छातींतील घरघर कमी होते कीं नाहीं हें पाहत पाहत ठरवावें लागतें. असे रुग्ण जो वारंवार पाहतो, त्याची नजर व हात दोन्ही तयार होतात. नुसत्या वाचनानें ही विद्या येत नाहीं.

खेड्यांत राहिलें म्हणजे डॉक्टर मागें पडतो, हा समजही खोटा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रायगड जिल्ह्यांत महाडच्या परिसरांत लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहिले, आणि प्राझोसिन या औषधानें त्यांचे प्राण वांचवितां येतात हें जगापुढें मांडलें. त्यांना २०२२ सालीं पद्मश्री मिळाली. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथें १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय चालूं आहे. त्यावरून खेड्यांतही मोठें शिक्षण होऊं शकतें हें दिसून येतें.

यावर कोणी म्हणतील, शहरांत हृदयविकाराचे रुग्ण अधिक, यंत्रें अधिक, निरनिराळ्या शाखांचे तज्ज्ञ हाताशीं. हें म्हणणें खरें आहे. कोणी असेंही म्हणतील कीं, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमानें पदव्युत्तर विद्यार्थ्यास तीन महिने जिल्हा रुग्णालयांत काम करावें लागतेंच, तेवढें पुरें आहे. परंतु तीन महिन्यांत पेरणीपासून मळणीपर्यंतचा हंगामदेखील पुरा पाहून होत नाहीं. मात्र एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतों: रुग्णालय खेड्यांत आहे एवढ्यावरून तें शिकण्यास योग्य ठरत नाहीं. जेथें शिकविणारा नाहीं, तेथें मुलगी तीन वर्षें नुसती राबेल, आणि तिच्या अज्ञानाची किंमत आपलाच शेजारी देईल.

म्हणून निवड जमिनीच्या खरेदीप्रमाणें करावी. आपण सातबारा पाहतों, फेरफार पाहतों, आणि तरीही बांधावर जाऊन उभे राहिल्यावांचून विसार देत नाहीं. तसेंच येथें करावें. रात्रीं दोन वाजतां गुरुजन प्रत्यक्ष हजर असतात, कीं केवळ दूरध्वनीवर? व्हेंटिलेटर चालूं आहेत, कीं कापड घालून ठेविले आहेत? रक्तपेढी आवारांत आहे काय? प्रतिविषाचा साठा पावसाळाभर पुरतो काय? हृदयविकार, भाजलेले रुग्ण व बालरुग्ण यांच्या अनुभवासाठीं विद्यार्थ्यांस मोठ्या रुग्णालयांत पाठवितात काय? मुलींच्या राहण्याची व रात्रीं येण्याजाण्याची सोय सुरक्षित आहे काय? हीं उत्तरें माहितीपुस्तिकेंत शोधूं नयेत. तेथें आधीं शिकत असलेल्या विद्यार्थ्यांस विचारावींत.

शेवटीं आपल्या कर्तव्याविषयीं दोन शब्द. डॉक्टर खेड्यांत टिकत नाहींत अशी तक्रार आपण करतों. पण रुग्ण दगावला म्हणून त्यांच्या अंगावर धावून जाणारेही आपल्यांतलेच असतात. अशा हिंसेविरुद्ध २०१० पासून राज्यांत कायदा आहे, परंतु गांवानें ठरविलें तर कायद्याचें कामच पडणार नाहीं. चावलेल्या माणसास आधीं मांत्रिकाकडे नेऊन दोन घटका दवडावयाच्या आणि मग डॉक्टरास दोष द्यावयाचा, हेंही थांबलें पाहिजे. रुग्णालयाजवळच्या गांवांनीं निवासी डॉक्टरांस राहण्यास बरें घर, पिण्यास चांगलें पाणी व मनुष्यपणाची वागणूक एवढें जरी दिलें, तरी पुष्कळ होईल.

ज्यांच्या घरीं यंदा ही निवड व्हावयाची आहे, त्यांनीं मुलांस खेड्यापासून परावृत्त करूं नये. पावसाळ्यांत दोन रात्री त्यांच्याबरोबर त्या रुग्णालयांत जाऊन राहावें, सर्व डोळ्यांनीं पाहावें, आणि शिकविणारे गुरु भेटले तर निःशंक होकार द्यावा.