पाव्हणं, इथं काय शोधताय?

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा साताऱ्यात आला होता. जर्मनीत नोकरीला असतो. तिकडं सुट्टीच्या दिवशी हा गडी मोबाईल घेऊन शहरभर डब्या शोधत हिंडतो म्हणे. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. मी आधी हसलो. लग्न झालेला माणूस, आणि डब्या कसल्या शोधतो!

पण ऐकत गेलो तसा गुंतलो. जीपीएस अमेरिकेच्या लष्कराचं. सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये ते मुद्दाम चूक ठेवायचे, शंभरेक मीटरची. 2 मे 2000 ला ही चूक काढून टाकली. लगेच 3 मे ला ऑरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं रानात एक बादली ठेवली, आत काही वस्तू आणि वही ठेवली आणि अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. शोधा, वहीत नाव लिहा, एखादी वस्तू घेतलीत तर बदल्यात दुसरी ठेवा. एवढाच खेळ. आज जगात अशा तीस लाखांहून जास्त जागा आहेत. आधी वेगळं यंत्र लागायचं, आता खिशातल्या फोनवर भागतं.

भाच्यानं वाड्यातल्या पोरांसाठी इथंच एक छोटा खेळ मांडला. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या पाच रिकाम्या डब्या, प्रत्येकीत सुरळी केलेला कागद. एक राजवाड्याजवळच्या ओळखीच्या पानपट्टीवर, एक आमच्याच जिन्याखाली, एक पेठेतल्या जुन्या दगडी डोणीजवळ (जनावरं पाणी प्यायची ती), दोन चार भिंतीच्या रस्त्याला झाडांच्या ढोलीत. पोरांच्या हातात फक्त आकडे. 17 पूर्णांक अमुक, पुढं आणखी तमुक. गुगल मॅपवर टाका आणि निघा.

एक गंमत सांगतो. पॉइंटनंतरचा चौथा आकडा एकानं बदलला तर माणूस अकरा मीटर सरकतो, पाचवा बदलला तर मीटरभर. पण उघड्या मैदानावरसुद्धा फोन पाचेक मीटरची चूक करतोच. पेठेत दोन्ही बाजूंना तीन मजली भिंती, सिग्नल भिंतींवर आपटून येतो, मग नकाशावरचा निळा ठिपका सरळ पलीकडच्या बोळात उडी मारतो. पोरं डोणीभोवती दहा मिनिटं गोल गोल फिरली. शेवटी धाकट्यानं फोन खिशात घातला आणि ओट्यावर बसलेल्या आजोबांना विचारलं. आजोबांनी डोणी दाखवलीच, शिवाय पूर्वी तिथं टांग्याची घोडी पाणी प्यायची हेही सांगितलं. मी या गावात सत्तेचाळीस वर्षं आहे, मला हे माहीत नव्हतं.

इथपर्यंत सगळं छान होतं.

भाचा जरा मागं उभा राहून पोरांकडं बघत होता. तेवढ्यात दोघंजण आले. "पाव्हणं, कुठलं म्हणायचं? इथं काय शोधताय?" त्यानं खरं ते सांगितलं, पण खरं सांगितलं की जास्तच संशय येतो. डबी कसली? आत काय? पोरं कुणाची? पाचाचे पंधरा जण झाले. एकानं व्हिडिओ सुरू केला. मी पोचेपर्यंत अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात तीन ग्रुपवरून मलाच मेसेज आला, "अनोळखी इसम लहान मुलांना डबी दाखवून बोलावतोय, साहेब खरं आहे का?"

मी ओळख सांगितली, कुणाचा भाचा ते सांगितलं, चहा झाला, सगळे हसले. व्हिडिओवाल्यानं माझ्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. पण मेसेज काही मागं येत नाही.

घरी येताना भाचा एकच वाक्य बोलला, "मामा, ज्याचा मामा पत्रकार नाही त्यानं काय करायचं?"

उत्तर नव्हतं माझ्याकडं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आठवत होतं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागायला आलेली, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारली. ती अफवाही फोनवरूनच फिरली होती.

आणि आम्ही पत्रकार? गेल्या वीस वर्षांत "संशयास्पदरीत्या फिरताना आढळला" हे मी स्वतः किती वेळा टाईप केलं असेल, देव जाणे. पोलिसांच्या प्रेसनोटमधून जसंच्या तसं. त्या माणसाचं पुढं काय झालं, किती वेळा विचारलं? दोन-तीन वेळा, फार तर. "बेवारस बॅगमुळे खळबळ" ही बातमी चार कॉलम लावलेली आठवते. बॅगेत डबा आणि पासबुक निघालं, ते दुसऱ्या दिवशी तळाला चार ओळींत गेलं.

भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या राज्यानं बॉम्बस्फोट पाहिलेत. इंग्लंडातल्या वेदरबी गावात 2011 साली या खेळाचीच एक डबी बॉम्ब समजून पथकानं उडवून दिली होती. म्हणून तर खेळाचे नियम आहेत: जागेच्या मालकाची परवानगी घ्या, डबीवर काय आहे ते लिहा, खणू नका. आमच्या भाच्यानं पानपट्टीवाल्याला विचारलं होतं, डोणीजवळ राहणाऱ्यांना नाही. डबीवरही काही लिहिलं नव्हतं. ही चूक त्याची, आणि माझीही. गाव माझं होतं, मी सांगायला हवं होतं. आणि किल्ल्याच्या तटात, देवळाच्या भिंतीत डब्या कोंबायला तर माझा साफ विरोध आहे. आधीच नावं कोरणारे कमी नाहीत.

पण चूक सांगणं वेगळं आणि घेरणं वेगळं. "काय शोधताय" हा प्रश्न आजोबांनीही विचारला होता. ते विचारून थांबले, उत्तर ऐकलं, मग स्वतः उठून जागा दाखवली. बाकीच्यांनी उत्तराच्या आधी कॅमेरा काढला. अनोळखी माणसानं आपल्या गल्लीत पाच मिनिटं उगाच उभं राहायचं नाही, हे कधी ठरलं? पर्यटन वाढावं म्हणून आपण बैठका घेतो, निवेदनं देतो. येणारा माणूस उभा राहणार, वाकून बघणार, फोटो काढणार, रस्ता चुकणार. त्याचंच नाव पर्यटन.

तर आता उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पुन्हा खेळणार आहोत, या वेळी डबीशिवाय. तसाही प्रकार या खेळात आहे. जागेवर जायचं आणि तिथंच मिळेल असं उत्तर आणायचं: पायऱ्या किती, कमानीवर काय कोरलंय. जागा मी आधी ग्रुपवर टाकीन, आसपासच्या दुकानदारांना आणि घरांना स्वतः भेटेन. पोरांच्या गळ्यात नाव आणि माझा नंबर असेल. कुणाला आपल्या पेठेतली जागा सुचवायची असेल तर खाली लिहा, फक्त खाजगी विहिरी आणि पडके वाडे नकोत, पोरं आहेत.

डोणीजवळची ती डबी त्या गडबडीत राहूनच गेली होती. परवा मुद्दाम बघायला गेलो. आजोबांनी उचलून घरात ठेवली होती. कागदावर पोरांच्या नावाखाली त्यांनी आपलंही नाव लिहिलं होतं, तारखेसकट.