तिकिटावर डेसिबलही छापा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुंबई-पुण्यातल्या रॉक मैफलींचा हंगाम. पावसाचे भय गेलेले असते, मैदाने कोरडी असतात, बाहेरगावचे बँड याच दिवसांत दौरे काढतात. मग पुरवण्यांमध्ये आणि मोबाइलवर दर गुरुवार-शुक्रवारी 'या आठवड्यात काय ऐकाल' अशी चौकट झळकू लागते. कोणता बँड, कुठे, किती वाजता, तिकीट केवढ्याला, वयाची अट काय, गाडी कुठे लावायची, शाकाहारी खाणे मिळेल का, सगळे त्यात असते. आवाज किती असेल, एवढे मात्र कोणी लिहीत नाही. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजून जायचे, तिचेच माप गायब.

ते माप छापले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. 'असल्या कार्यक्रमांना जाऊच नका' या डॉक्टरी सल्ल्याचा मला कंटाळा आहे. तो कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये. सिनेमाच्या आश्रयाविना स्वतःची गाणी स्वतः लिहून वाजवणारे इंडी बँड आपल्याकडे मोठ्या कष्टाने उभे राहिले आहेत. पुण्याचा 'अग्नी', दिल्लीचे 'द लोकल ट्रेन' आणि 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' यांना समोर उभे राहून ऐकण्याची मजा हेडफोनमध्ये नाही. २०१० साली पुण्यात 'एनएच७ वीकेंडर' सुरू झाला, २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर 'लोलापालूझा' आला. आता हे संगीत मूठभर कॉलेजकुमारांचे राहिलेले नाही. म्हणून तर कानांचा हिशेब उघडपणे मांडायची वेळ आली आहे.

हिशेब अवघड नाही. मात्र डेसिबलची एक खोड लक्षात ठेवावी लागते. हे माप पायरीपायरीने न चढता पटीने चढते. ३ डेसिबल वाढले की कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी आठवड्याचा 'कोटा' सुचवला आहे, तो ८० डेसिबलला ४० तासांचा. ८० म्हणजे साधारण गजबजलेल्या रस्त्याचा आवाज. आता १०० डेसिबलच्या मैफलीचे गणित करा. वीस डेसिबल जास्त, म्हणजे ऊर्जा शंभरपट, म्हणजे वेळ शंभरावा हिस्सा. ४० तासांचे २४ मिनिटे झाले. मुख्य बँडचे चौथे गाणे संपायच्या आत आठवड्याचा कोटा खलास. दोन तास उभे राहिलात तर पाच आठवड्यांचा कोटा एका संध्याकाळी उडवलात. आणि शिफारशींची चौकट तर एका आठवड्यात तीन-चार मैफली सुचवते!

हा कोटा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे, हेही सांगायला हवे. एकदा ओलांडला म्हणून कोणी बहिरे होत नाही. काहींचे कान दणकट असतात, काहींचे नाजूक, आणि आपले कोणते हे आधी कळायला मार्ग नाही. पण वारंवार ओलांडला की काय होते ते ठाऊक आहे. प्रत्येक कानाच्या आत, शंखाच्या आकाराच्या नळीत, सुमारे १५,००० केसपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्यांच्या टोकाचे सूक्ष्म केस डोलतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. जोराचा मारा झाला की या पेशी थकतात. मैफलीतून बाहेर पडल्यावर कानात कापूस कोंबल्यासारखे वाटते, 'कुईं' असा बारीक सूर ऐकू येतो, तो हा थकवा. बहुतेक वेळा सकाळपर्यंत तो जातो. मात्र मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांमध्ये उगवते, माणसात नाही.

सकाळी ऐकू येऊ लागले म्हणजे सगळे ठीक, ही समजूत २००९ मध्ये हादरली. अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांचे ऐकणे चाचणीत पूर्ववत झाले, केसपेशीही शाबूत दिसल्या. पण त्या पेशींना मज्जातंतूंशी जोडणारे अनेक सांधे कायमचे तुटले होते. माणसात हे नेमके किती घडते यावर अजून वाद आहे. तरीही चाचणीत पास होणाऱ्या आणि हॉटेलच्या गोंगाटात समोरच्याचे बोलणे न कळणाऱ्या माणसांकडे तज्ज्ञ आता वेगळ्या नजरेने पाहतात.

मैदानावरचा महोत्सव धोक्याचा आणि गल्लीतल्या छोट्या बारमधला बँड निरुपद्रवी, असे अनेकांना वाटते. वास्तव बरेचदा उलटे असते. मैदानात मागे सरकायला जागा असते आणि उघड्यावर स्पीकरपासूनचे अंतर वाढेल तसा आवाज झपाट्याने पडतो. शंभर-दीडशे माणसांच्या बुटक्या खोलीत पळायला जागा नाही. शिवाय ड्रम्सना आवाज कमी करायचे बटण नसते. जोशात वाजवलेला ड्रमसेट माइकशिवायही जवळ उभ्या असलेल्याला सहज १०० डेसिबलपर्यंत नेतो. त्याच्यावर गिटार ऐकू यावी म्हणून तिचा ॲम्प्लिफायर वाढतो, त्या दोघांवर गायकाचे शब्द यावेत म्हणून मुख्य स्पीकर वाढतात. त्यात मागच्या टेबलांवर गप्पा मारणारी मंडळी संगीतावरून ओरडतात आणि त्यांच्यावर मात करायला साउंड इंजिनीअर आणखी एक खटका वर सारतो. उघड्या विटांच्या आणि काचेच्या भिंती (सध्या सगळ्या कॅफेंना त्याच हव्या असतात) हे सगळे परत तुमच्याकडे फेकतात. यात कोणाचा दुष्टपणा नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला ऐकू येण्यासाठी धडपडत असतो.

मग आवाज सरळ कमीच का करू नये? कारण मोठ्या आवाजाची ओढ खरी आहे, ती नुसती फॅशन नाही. २००० साली इंग्लंडमधील संशोधक नील टॉड यांनी एक मजेशीर शक्यता मांडली. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारा एक अवयव असतो. सुमारे ९० डेसिबलच्या वर, विशेषतः ठेक्याच्या खर्ज आवाजाला, तोही प्रतिसाद देऊ लागतो. म्हणजे झोक्यावर किंवा आकाशपाळण्यात बसल्यावर जे काही होते, त्याच्या जवळपासचे काहीतरी रॉक मैफलीत उभ्या उभ्या होते. छातीत घुमणारा बेस हाही त्याच अनुभवाचा भाग. ७५ डेसिबलची रॉक मैफल ही मिठाशिवायची मिसळ होईल, हे मला मान्य आहे.

या ओढीची किंमत खुद्द रॉकवाल्यांनी चुकवली आहे. 'द हू' या ब्रिटिश बँडची १९७६ ची लंडनमधली मैफल १२६ डेसिबलसाठी गिनीज बुकात गेली. त्याच बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड पुढे कानातल्या कायमच्या आवाजाने आणि बहिरेपणाने हैराण झाला. दोष मैफलींपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनचा जास्त, असे तो सांगतो. गिनीजने नंतर 'सर्वांत कर्कश मैफल' हा विक्रमच बंद केला. 'एसी/डीसी'चा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये कानांमुळे दौरा अर्धवट सोडावा लागला. सगळ्यात बोलका दाखला मात्र 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या बँडचा. गिटारच्या आवाजाची भिंत उभी करण्यासाठीच तो ओळखला जातो, आणि त्याच्या केविन शील्ड्सला स्वतःला कानात आवाज येण्याचा विकार आहे. २००८ मध्ये हा बँड पुन्हा मंचावर आला तेव्हा दारातच प्रेक्षकांना इअरप्लग वाटले गेले. आवाज कमी केला नाही, पण लोकांना अंधारातही ठेवले नाही.

आपल्याकडचा कायदा याबाबत विचित्र आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शांतता क्षेत्रे ठरवली, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' गाजत असे. शेजारी रुग्णालये आणि कॉलेज असल्याने तिथल्या मैफली या नियमांमुळे थांबल्या. जुने रसिक अजून हळहळतात, पण पलीकडच्या खाटेवरच्या रुग्णाची झोप महत्त्वाची होतीच. अडचण अशी की हा सगळा कायदा कुंपणाबाहेरच्या माणसाचा विचार करतो. कुंपणाच्या आत, स्पीकरपासून दहा फुटांवर उभ्या असलेल्या तिकीटधारकाला किती डेसिबल सोसावे लागतात, हे त्यात कुठे विचारलेले नाही. कारखान्यातल्या कामगारासाठी ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. त्याच शहरात आठवड्यातून चार रात्री बँडसमोर ग्लास भरणाऱ्या बारमनच्या कानांना ती लावायला कोणी जात नाही. प्रेक्षक महिन्यातून एकदा येतो, हा रोज असतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी 'आवाज फाउंडेशन'ने मोजलेले आकडे आपण वर्तमानपत्रांत चवीने वाचतो. शनिवारच्या मैफलीचा आकडा मात्र रविवारच्या परीक्षणात कधी येत नाही.

हे अशक्य नाही. स्वित्झर्लंडमध्ये सरासरी ९३ डेसिबलच्या वर जाणार असाल तर प्रेक्षकांना सूचना द्यावी लागते आणि इअरप्लग फुकट ठेवावे लागतात. फ्रान्सने २०१७ मध्ये १५ मिनिटांच्या सरासरीला १०२ डेसिबलची कमाल मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये मैफलींच्या ठिकाणांसाठी मानक प्रसिद्ध केले. त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत, आवाजाची सतत नोंद, इअरप्लगची सोय, कानांना विसावा देणारी शांत जागा आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण एवढे मागितले आहे. या देशांत रॉक मेलेला नाही.

आणि इअरप्लग उपयोगी पडतात का? २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका खुल्या महोत्सवात डच डॉक्टरांनी ५१ जणांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्म्यांना इअरप्लग दिले, निम्म्यांना नाही. साडेचार तास, सरासरी १०० डेसिबल. बाहेर आल्यावर तपासले तेव्हा उघड्या कानांपैकी ४२ टक्के कानांचे ऐकणे तात्पुरते घटले होते, प्लग घातलेल्यांत ८ टक्के. कानात नव्याने आवाज येऊ लागला तो ४० टक्के लोकांना, प्लगवाल्यांत १२ टक्क्यांना. प्रयोग छोटा आहे, पण फरक छोटा नाही.

औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे वडापावच्या आसपासच्या किमतीत येतात. त्यांचा दोष एवढाच की ते तारसप्तक जास्त गिळतात, झांजा बोथट होतात. वाजवणाऱ्यांसाठी बनवलेले प्लग सगळे सूर सारखेच खाली आणतात. ते महाग, पण वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यातून गायकाचे शब्द उलट स्पष्ट कळतात. नीट बसलेल्या प्लगने १५ डेसिबल जरी कमी झाले तरी मघाचे गणित पार पालटते. दोन तासांची तीच मैफल पाच आठवड्यांऐवजी आठवड्याच्या कोट्याचा जेमतेम सहावा हिस्सा खाते. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. दारात नुसता चिकटवलेला बोळा काही करत नाही. कापूस किंवा रुमालाचा कोपराही नाही.

या आठवड्यात जाणार असाल तर स्पीकरच्या थेट समोर उभे राहू नका. साउंड इंजिनीअरच्या टेबलापाशी जागा धरा, तो ज्या जागेसाठी आवाज जुळवतो तिथेच तो सर्वांत चांगला ऐकू येतो. मधल्या बँडच्या वेळी दहा मिनिटे बाहेर जा. लहान मुलांना नेत असाल तर त्यांना प्लगपेक्षा वरून बसणारे इअरमफ बरे. कानातला आवाज किंवा बधिरपणा एक-दोन दिवसांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर तेवढेही थांबू नका, त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांतच लागू पडते.

आयोजकांचे नेहमीचे म्हणणे असते की हे सगळे मोजायला खर्च येतो. मोठ्या महोत्सवांत तरी ते पटत नाही. त्यांच्या मिक्सिंग टेबलाजवळच्या लॅपटॉपवर डेसिबलचा आकडा बहुतेक वेळा आधीच चालू असतो, कारण पोलिस परवान्यासाठी आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींसाठी तो लागतो. छोट्या बारसाठी अमेरिकेतील 'निऑश' या सरकारी संस्थेचे आयफोनवरचे मोफत ॲपही पुरेसे अचूक आहे. फक्त तो स्क्रीन प्रेक्षकांकडे वळवायचा आहे, आणि मागच्या वेळचा आकडा पुढच्या तिकिटावर, दराच्या शेजारी छापायचा आहे.