गुण पाहावेत की अनुभव?

नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी एमबीए करू पाहणाऱ्यांमध्ये एक वाद नेहमीचा आहे. प्रवेश परीक्षेच्या गुणांवर द्यावा की कामाच्या अनुभवावर? आमच्या ओळखीतले अनुभवी लोक म्हणतात, ‘दहा वर्षे माल, माणसे आणि उधारी सांभाळणाऱ्याला बीजगणिताची कोडी कशाला? परीक्षाच काढून टाका.’ मला हे पटते, पण अर्धेच.

परीक्षेवरचा आक्षेप खरा आहे. कॅटमध्ये दोन तासांत इंग्रजी उतारे, तर्क आणि गणित सोडवायचे असते. क्लास लावलेला बावीस वर्षांचा मुलगा त्यात पुढे जातो. रात्री आठला घरी पोहोचणारा पस्तिशीतला माणूस मागे पडतो. पुढच्या अभ्यासात कोण तग धरेल, याचा अंदाज अशा परीक्षेतून येतो. कारखाना कोण चालवू शकेल, हे मात्र कळत नाही.

तरीही परीक्षा काढा म्हणताना आपण सावध राहिले पाहिजे. गुण मोजणाऱ्या संगणकाला उमेदवाराचे नाव दिसत नाही, मोहल्लाही दिसत नाही. अनुभवाचे तसे नाही. त्यासाठी आधी कुणीतरी नोकरी द्यावी लागते, मग बढती, मग साहेबाचे शिफारसपत्र. मुस्लिम समाज पगारी नोकऱ्यांत मागे आणि स्वयंरोजगारात जास्त आहे, हे सच्चर समितीने 2006 सालीच नोंदवले आहे. ज्याला नोकरीचे दार उघडले नाही, त्याच्यासाठी ‘अनुभव म्हणजे नोकरी’ हा नियम दुसरे बंद दार ठरतो.

भिवंडीत वडिलांचे यंत्रमाग सांभाळणारा तरुण डोळ्यांसमोर आणा. सूत कधी घ्यायचे, व्यापाऱ्याला किती दिवस उधार द्यायचे, कामगार सणाला गावी गेले तर माग कसे चालू ठेवायचे, हे तो रोज ठरवतो. व्यवस्थापन म्हणजे आणखी काय? पण अर्जात रकाने असतात पद आणि पगाराचे. तिथे तो काय लिहिणार?

म्हणून परीक्षा असावी, पण उंबरठ्यापुरती. किमान गुण मिळाले की पुढची निवड कामावरून व्हावी. अनुभवाची नुसती वर्षे मोजू नयेत, जबाबदारी पाहावी. स्वतःच्या धंद्याचे जीएसटी आणि आयकराचे कागद नोकरीच्या दाखल्याइतकेच ग्राह्य धरावेत.

यात आपल्यालाही काही करायचे आहे. आपल्याकडे पुष्कळ धंदे तोंडी चालतात. मुलगा पंधरा वर्षे गल्ल्यावर बसतो आणि कागदावर त्याचे नावही नसते, मुलीचे तर नाहीच. संस्थेकडे न्याय मागताना हिशेबाची वही पुढे ठेवता आली पाहिजे.

अनाथांची मालमत्ता त्यांच्या हाती देण्याआधी त्यांची पारख करा, समज आलेली दिसली की ती सोपवा, असा आदेश कुरआनच्या सूरह निसामध्ये आहे. तिथे पारख टाळलेली नाही; पण ती ज्या कामासाठी आहे, त्याच कामाच्या समजेची आहे. प्रवेश देणाऱ्यांनी एवढे जरी पाळले, तरी गुण की अनुभव हा वाद बराचसा मिटेल.