डोंगर सर्वांचे, सोयी मूठभरांच्या

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तामिळनाडूत. राज्यभर आनंद व्यक्त झाला आणि तो रास्तच होता. परंतु त्या बुरुजांपर्यंत सामान्य माणसाला सुखरूप आणि सन्मानाने पोहोचता येते काय, हा साधा प्रश्न आनंदाच्या भरात फारसा विचारला गेला नाही. तो विचारला पाहिजे, कारण वारसा हा शेवटी लोकांचा असतो, आणि ज्या वारशाकडे जाण्याची वाट लोकांना परवडत नाही वा सोसवत नाही, तो कागदावरच राहतो.

याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. या बारांपैकी प्रतापगड आणि रायगड हे दोन किल्ले एकाच प्रवासात पाहता येतात. पुण्याहून निघावे, खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरला महामार्ग सोडावा, वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि महाबळेश्वर गाठावे, तेथून आंबेनळी घाटाने प्रतापगडावरून पोलादपूरला कोकणात उतरावे आणि महाडमार्गे पाचाडला, म्हणजे रायगडाच्या पायथ्याशी पोहोचावे. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. सह्याद्रीचे इतके भव्य दर्शन घडविणारे रस्ते महाराष्ट्रातही थोडेच आहेत.

परंतु या एकाच रस्त्यावरून दोन वेगळे प्रवास होत असतात. स्वतःची मोटार असलेला आणि हॉटेलात खोली राखून ठेवलेला प्रवासी पाणी, शौचालय, विसावा, वाहन उभे करण्याची जागा, या सर्व गोष्टी हॉटेलच्या बिलातच विकत घेतो. त्याला सार्वजनिक सोयीची उणीव भासत नाही. दुसरा प्रवासी एस.टी.ने किंवा वडापच्या जीपने येतो. बरोबर म्हातारी आई असते, लेकरे असतात, भाकरीचे गाठोडे असते. घाटात त्याची गाडी थांबते ती एखाद्या खासगी धाब्यावर. तेथे काही विकत घेतल्याखेरीज शौचालयाची किल्ली मिळत नाही आणि पाणी मिळते ते बाटलीत, पैसे मोजून. पुरुष आडोशाला जातात. बाया मात्र सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हातान्हाच्या प्रवासात तहान मारण्याची ही युक्ती महाराष्ट्रातील बहुतेक स्त्रियांना ठाऊक आहे, आणि तिची किंमत मूत्रमार्गाच्या विकारांच्या रूपाने त्यांची शरीरे मोजतात.

येथे शासनाच्या धोरणातील विसंगती स्पष्ट होते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या सर्व गाड्यांमध्ये स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येऊ लागला. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांचा प्रवास विनामूल्य झाला होता. हे दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. ज्या बायांनी माहेर आणि बाजार यांपलीकडे गाव पाहिले नव्हते, त्या त्यामुळे गटागटाने देवदर्शनाला आणि गडदर्शनाला निघाल्या. पण तिकीट अर्धे करणाऱ्या शासनाने स्थानकावरील शौचालय दुप्पट केले नाही. कित्येक स्थानकांवर मुतारीचा वापर विनामूल्य असल्याची पाटी असते आणि तिच्याखालीच बसलेला ठेकेदाराचा माणूस स्त्रियांकडून पैसे घेतो. तिकिटात वाचलेले पैसे अशा रीतीने दारातच काढून घेतले जातात.

हा प्रश्न क्षुल्लक नाही, हे न्यायसंस्थेनेही मान्य केले आहे. 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी रस्त्यांवर स्वच्छ व सुरक्षित शौचालये असणे हे सन्मानाने जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडले आणि महानगरपालिकांना त्याबाबत आदेश दिले. ते आदेश शहरांपुरते होते. घाटातील बाईला मात्र वेगळी राज्यघटना लागू नाही. जो हक्क पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर मान्य होतो, तो पसरणीच्या वळणावर संपत असेल, तर त्याला हक्क म्हणता येणार नाही.

सोय म्हणजे केवळ शौचालय आणि पाणी नव्हे. डोंगरातील पहिली सोय म्हणजे सुरक्षितता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह नदीने गिळल्या. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळून सुमारे तीस जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी शासकीय यंत्रणेबरोबर दोर लावून शेकडो फूट खोल उतरले ते आसपासचे तरुण गिर्यारोहक. त्यांच्या धैर्यास तोड नाही. पण घाटातील बचावकार्य स्वयंसेवकांच्या धैर्यावर विसंबून ठेवणे शासनाला शोभणारे नाही. पुढे जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हाच घाटरस्ता ठिकठिकाणी खचला आणि त्याच पावसात महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. प्रवासी आणि गावकरी यांच्या जिवाला धोका कसा एकच आहे, हे त्या एका आठवड्याने दाखवून दिले.

अशा आपत्तींतून प्रशासन कोणता धडा घेते, हे मावळात दिसले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने अनेक पर्यटनस्थळी मनाई आदेश लागू केले. वर्षही उलटले नाही तोच, १५ जून २०२५ रोजी, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा बळी गेला. पूल धोकादायक असल्याचे आधीच माहीत होते. त्यावर फलकही होता. पण फलक लावला म्हणजे पुलाची दुरुस्ती होत नाही आणि मनाईचा कागद काढला म्हणजे पर्यटकांची सोय होत नाही. बेदरकार वागणारे काही जण असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही रविवारच्या एका सुट्टीसाठी पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीतून बाहेर पडणाऱ्या कामगाराला फुकटचा धबधबा एवढीच चैन परवडते. त्या धबधब्यावर प्रशिक्षित जीवरक्षक, दोरखंड आणि कठडा ठेवण्याऐवजी त्याच्यावरच बंदी घालणे, ही जबाबदारी झटकण्याची सोपी रीत होय.

या गिरिस्थानांच्या जन्मातच एक भेद आहे. महाबळेश्वर उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, गव्हर्नर माल्कम याच्या पुढाकाराने, गोऱ्या साहेबाच्या प्रकृतीसाठी. त्याच्या उभारणीत चिनी व मलायी कैद्यांच्या श्रमाचाही वाटा होता. साहेब गेला, परंतु डोंगरावरील थंड हवा ही वरिष्ठांसाठी राखीव चीज आहे ही समजूत गेली नाही. सरकारी विश्रामगृहाच्या फाटकातून आत जाण्यासाठी आजही हुद्दा किंवा ओळख लागते. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या त्या इमारतींच्या व्हरांड्यात पावसात भिजलेल्या प्रवाशाला उभे राहू देण्याचा रिवाज नाही.

याउलट लोकांना रजा आणि विसावा मिळावा ही समाजवादी चळवळीची जुनी मागणी आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि तिच्या जोडीला रेल्वेची सवलतीची तिकिटेही दिली, कारण रजा दिली आणि प्रवास परवडला नाही तर ती रजा कोंदट खोलीतच संपते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने संघटित कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळवून दिला. त्या रजेत त्याने कुटुंबासह कोठे जावे, कोठे उतरावे, याचा विचार मात्र झाला तो अर्धामुर्धा. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, तेव्हा सामान्यांना परवडणारी निवासस्थाने हा त्याचा एक आधार मानला गेला होता. २०२४ च्या पर्यटन धोरणाची भाषा मात्र दहा वर्षांत १ लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची आहे. गुंतवणूक येते ती नफ्याच्या जागी. घाटातील मुतारीत नफा नाही, म्हणून तेथे गुंतवणूकदार फिरकणार नाही. तेथे शासनालाच जावे लागेल.

पण शासनाचे लक्ष वेगळ्याच दिशेला आहे. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील २३५ गावांच्या क्षेत्रात 'नवीन महाबळेश्वर' उभारण्याची योजना रस्ते विकास महामंडळाच्या हाती देण्यात आली आणि २०२४ मध्ये तिचा प्रारूप आराखडाही आला. हा कोयनाकाठचा मुलूख आहे. येथील माणसांनी धरणासाठी घरेदारे सोडली आणि पुनर्वसनासाठी पुढे दशकानुदशके आंदोलने केली. जुन्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही घाटाखालच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या पाण्याचा आणि त्या माणसांचा हिशेब न करता दुसरे महाबळेश्वर वसविणे, म्हणजे पहिल्याचे दोष मोठ्या प्रमाणावर पुन्हा करणे होय.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, सार्वजनिक शौचालये बांधली तरी लोक ती घाण करतात. पंढरीच्या वाटेवर लाखो वारकऱ्यांसाठी अलीकडच्या काळात फिरत्या शौचालयांची व्यवस्था होऊ लागली आणि लोकांनी ती वापरली. व्यवस्था असली, पाणी असले आणि राखणारा माणूस असला, की लोक नीट वागतात. घाण होते ती शौचालय बांधून त्याला कुलूप लावल्यामुळे, किंवा ठेकेदाराने अपुऱ्या मजुरीवर एकाच सफाई कामगाराला चार जागा सांभाळावयास लावल्यामुळे. म्हणून या मागणीतच सफाई कामगाराच्या कायम नोकरीची आणि पुऱ्या वेतनाची मागणी अंतर्भूत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सोयी वाढल्या तर गर्दी वाढेल आणि नाजूक डोंगर तिच्याखाली चिरडतील, असे पर्यावरणाची कळकळ असणारे म्हणतात. महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला, तो योग्यच होता. परंतु डोंगरावर भार पडतो तो एस.टी.ने आलेल्या चाळीस माणसांचा जास्त, की मोटारींतून आलेल्या तेवढ्याच माणसांचा? त्यांच्या दहा मोटारी, त्यांच्यासाठी कापलेले डोंगर आणि उपसलेले पाणी यांचा हिशेब केला, तर उत्तर स्पष्ट आहे. गर्दीला मर्यादा घालावयाचीच असेल, तर ती मोटारींना आणि बांधकामांना घालावी. ती पैशाच्या चाळणीने घालणे अन्यायाचे होईल.

प्रतापगडाहून रायगडाकडे जाणारा हा रस्ता महाडवरून जातो, हे येथे स्मरण्याजोगे आहे. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे मुंबई कायदे मंडळाने मान्य केले. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराची ठिकाणे यांवरील हक्क नमूद झाला. जातीने केलेली मनाई आणि पैशाने केलेली अडवणूक या एक गोष्टी नव्हेत. पहिलीचे क्रौर्य वेगळेच होते आणि आहे. पण सार्वजनिक पाणी कोणाचे, हा महाडने विचारलेला प्रश्न, सार्वजनिक पाणीच नाहीसे झाले तर निरर्थक ठरेल, एवढे ध्यानात घेतले पाहिजे.

यास्तव मागण्या नेमक्या असाव्यात. घाटरस्त्यांवर ठरावीक अंतराने पाणी, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र शौचालये आणि निवारा असलेले सार्वजनिक विसाव्याचे ठिकाण हवे. तेथील कर्मचारी कायम असावेत. वारसा यादीतील प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत एस.टी.ची नियमित फेरी असावी. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पूल आणि कठडा तपासून अहवाल जाहीर करावा, आणि घाटाच्या दोन्ही तोंडांशी बचाव पथक व अपघाती जखमींसाठी सुसज्ज रुग्णालय असावे. गिरिस्थानांच्या नाक्यावर प्रवाशांकडून जो कर घेतला जातो, त्याचा जमाखर्च त्याच नाक्यावर मोठ्या अक्षरांत लावावा. आणि पाण्याची कोणतीही योजना प्रथम घाटातील वस्त्यांना व मग पर्यटकांना पाणी देणारी असावी.

हे काम निवेदन देऊन भागणारे नाही. वाई, महाबळेश्वर, पोलादपूर आणि महाड येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या हद्दीतील रस्ता एकदा पायी चालून पाहावा. बंद शौचालये, कोरडे नळ, तुटलेले कठडे यांची गाववार नोंद करावी आणि ती ग्रामसभेपुढे ठेवावी. त्या पाहणीत स्त्रिया निम्म्याहून कमी नसाव्यात, कारण या रस्त्याची खरी परीक्षा त्याच घेतात. घाटातील गावकरी आणि शहरातील कामगार-प्रवासी यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोपे गेले आहे. दोघांच्या गरजा एकाच नळाशी आणि एकाच दवाखान्याशी येऊन मिळतात, हे दोघांनाही पटवून देणे, हेच या कामातील पहिले पाऊल होय.