सध्या काय वाचताय?



आपल्या बेळगाव-निपाणी भागात दोन माणसे भेटली की पाऊसपाण्याची चौकशी होते, उसाच्या आणि तंबाखूच्या दराची होते, मुलाला किती टक्के पडले याचीही होते. ‘सध्या काय वाचताय?’ असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न आपल्या घरात, वर्गात आणि कट्ट्यावर रोजचा व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाचनाची परंपरा आपल्याकडे नाही असे कोण म्हणेल? बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 साली सुरू झाले. त्याच साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, यावरून काळाची कल्पना यावी. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात 1929, 1946 आणि 2000 साली भरले. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी अशी गावे आपल्या बळावर संमेलने भरवतात. ग्रंथदिंडी निघते, लेझीम खेळले जाते, दारोदारी रांगोळ्या पडतात. हा आपला अभिमान आहे आणि तो राहिलाच पाहिजे.

परंतु पालखीतल्या ग्रंथाला हात जोडणे वेगळे आणि तो उघडून शेजाऱ्याला ‘हे बघ, इथे काय लिहिलंय’ असे सांगणे वेगळे. पहिले वर्षातून एकदा होते. दुसरे रोज झाले तरच भाषा टिकते. मराठी शाळांचे वर्ग लहान होत चालले आहेत, हे पालक आणि विश्वस्त दोघेही जाणतात. अशा वेळी मुलाला मराठी फक्त पाठ्यपुस्तकात आणि सभेच्या भाषणात भेटत असेल, तर ती त्याला परीक्षेपुरतीच वाटणार.

वाचलेले दुसऱ्याला सांगितल्याने काय घडते, याचे उदाहरण आपल्या बेळगावचेच आहे. उमा कुलकर्णी यांचा जन्म बेळगावचा. त्यांचे पती विरूपाक्ष यांची मातृभाषा कन्नड. विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करीत आणि ते ऐकून उमाताई मराठीत लिहीत. एका घरातल्या या वाचून दाखवण्यातून एस. एल. भैरप्पांचे ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ मराठी वाचकांना मिळाले. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला 1989 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण तंबाखूचे, म्हणजे निपाणीकरांच्या ओळखीच्या मालाचे. क्यूबा देशात 1865 पासून सिगारच्या कारखान्यांत एक वाचक नेमण्याची प्रथा पडली. कामगार पाने वळत आणि वाचक उंच आसनावर बसून त्यांना वर्तमानपत्र व कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून देत. ‘मोंतेक्रिस्तो’ या प्रसिद्ध सिगारचे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून पडले आहे. आपल्या देशात केरळातल्या कण्णूर भागातील विडी कामगारांतही असेच चाले. एकजण वाची आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून देत. पोटासाठी राबणाऱ्या माणसांना पुस्तकासाठी वेळ काढता आला. आपल्या निपाणीच्या महादेव मोरे यांनी तर पिठाची गिरणी चालवत लेखन केले आणि इथल्या कष्टकऱ्यांची बोली साहित्यात नेली. 2024 साली ते गेले. त्यांचे एक तरी पुस्तक आपल्यापैकी किती घरांत आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

काही पालक म्हणतील, ‘मी हे वाचतो’ असे सांगणे म्हणजे मिरवणे. आम्हाला तसे वाटत नाही. जेवणाच्या डब्यातली भाजी शेजारच्याला देणारे मूल मिरवत नसते. काहींना दहावीच्या परीक्षेची काळजी वाटते. पण ज्याला वाचलेले चार वाक्यांत सांगता येते, त्याला उत्तरपत्रिकेत शब्द शोधावे लागत नाहीत. आणखी एक शंका येईल, की मराठी शाळेत हिंदी, कन्नड पुस्तकांची नावे कशाला? आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. प्रेमचंद आणि रेणू वाचल्याने आमचे मराठी कमी झाले नाही. होरीची व्यथा वाचताना डोळ्यांपुढे आपल्याच शिवारातले शेतकरी आले. पुस्तक कोणत्याही भाषेतले असो, त्याविषयी बोलणे मराठीत व्हावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. शाळेच्या व्हरांड्यात एक फळा राखून ठेवू. त्यावर ‘सध्या मी वाचत आहे’ या शीर्षकाखाली कोणीही नाव, पुस्तक आणि एक वाक्य लिहावे. पुस्तक संपलेले नसले तरी चालेल, कंटाळवाणे वाटले तर तसे लिहावे. त्याला गुण नाहीत, बक्षीस नाही. शिपाईमामांनी लिहावे, बाईंनी लिहावे, मुलाला न्यायला आलेल्या आजीने सांगावे आणि नातवाने लिहावे. पालकहो, रात्री जेवताना मोबाईल बाजूला ठेवून मुलाला एकदा हा प्रश्न विचारा. मूलही तोच प्रश्न उलट विचारील, त्याची तयारी ठेवा! विश्वस्तांना विनंती, की शाळेच्या ग्रंथालयाचे कपाट मधल्या सुट्टीत उघडे राहावे. चार पुस्तके फाटतील, एखादे हरवेल. कुलपात राहिलेले पुस्तक मात्र कोणाचेच होत नाही.

फळ्यावरची पहिली ओळ आम्ही लिहीत आहोत: प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपन नावाच्या शाळकरी मुलाच्या या कथा आहेत आणि त्याची भाषा आपल्या भागातली आहे. आमचे वाचून झाले की प्रत ग्रंथालयात ठेवू. पुढची ओळ तुमची.